गाडीत वायरलेस बसवताना सेट शेवटी निवडा

प्रश्न नागपूरच्याच एका गाडीमालकांचा आहे. नवी फोर बाय फोर घेतली, चार-पाच गाड्यांचा गट जमला. तामिया, पचमढी, चिखलदरा, मेळघाट अशा वाटांवर निघतात आणि घाट लागला की मोबाइलची रेंज जाते. पुढची गाडी कुठल्या फाट्याला वळली हे मागच्याला कळत नाही. ऑनलाइन एक आठ वॅटचा, दोन बँडचा (फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांत चालणारा) सेट स्वस्तात दिसतो आहे. छतावर मोठा अँटेना ठोकला तर दहा-पंधरा किलोमीटर बोलता येईल का, सेट कुठला घ्यावा आणि गाडीत नेमका कुठे बसवावा, असं त्यांनी विचारलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर तो आठ वॅटचा सेट घेऊ नका. बाकीचं उत्तर लांब आहे, कारण लोक या कामाची सुरुवातच उलट्या टोकाकडून करतात. आधी सेट घेतात, मग अँटेना शोधतात, मग गाडीत जागा शोधतात आणि कायद्याचं सगळ्यात शेवटी विचारतात. खाणींच्या जीप, रुग्णवाहिका आणि हौशी लोकांच्या गाड्या अशा तिन्ही प्रकारांत मी सेट बसवत आलो आहे. माझा क्रम नेहमी हाच असतो: कुणाशी बोलायचं, त्याची परवानगी काय, अँटेना कुठे उभा राहील, वीज कुठून येईल, आणि मग सेट. पहिल्या चार गोष्टी ठरल्या की सेटचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात.

कायद्यापासून सुरू करतो, कारण आपल्याकडे तोच सेट ठरवतो. परदेशातले व्हिडिओ बघून इथे खरेदी करू नका. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झचे पाच वॅटचे सेट कुणीही गाडीत लावतो. तो बँड आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी मोकळा नाही. आपल्याकडे परवान्याविना वापरता येतील असे या कामाचे दोनच पट्टे आहेत. एक ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. हा २०१८ च्या नियमांनी मोकळा झाला. त्यात शक्ती अर्धा वॅट आणि अँटेना सेटलाच जोडलेला, म्हणजे काढून दुसरा लावता न येणारा. दुसरा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा, ज्याला सिटिझन बँड म्हणतात. तो २००५ पासून मोकळा आहे आणि त्यात कमाल शक्ती ५ वॅट. दोन्हींत सेटला ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता हवी. दुकानदार "सर्टिफाइड आहे" म्हणाला म्हणून मान्यता होत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला मान्यता आहे का हे विक्रेत्याने सांगायलाच हवं. जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

तुम्ही दाखवलेला आठ वॅटचा सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलतो. याच पट्ट्यांत पोलीस, वनविभाग, रेल्वे आणि कोळसा खाणींचे परवानाधारक सेट चालतात. नागपूरभोवती हे सगळं दाटीने आहे. वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या खाणकंपन्यांची मुख्यालयं इथे, खाणी सावनेर, उमरेड, कन्हान पट्ट्यात, दोन-तीन तासांच्या अंतरात पेंच आणि ताडोबा, आणि त्याहून लांब मेळघाट. खाणीत ब्लास्टिंगच्या आधी माणसं हलवण्याचे निरोप वायरलेसवर जातात. त्या वाहिनीवर आपली "चहाला कुठे थांबायचं" ही चर्चा घुसली तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा. मला हा मुद्दा दंडापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

तिसरा रस्ता हौशी रेडिओ परवान्याचा, म्हणजे हॅमचा. किमान वय बारा वर्षं, परीक्षा रेडिओशास्त्राच्या मूलभूत गोष्टींची आणि नियमांची. पास झालात की व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारा तुमचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतो आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये पंचवीस-पन्नास वॅटचे खरे गाडीचे सेट वापरण्याचा मार्ग खुलतो. श्रेणीप्रमाणे शक्तीची मर्यादा आणि गाडीतून वापरण्याच्या अटी परवान्यावर असतात, त्या वाचूनच सेट घ्यायचा. एक गोष्ट मात्र गटात नीट समजावून सांगा: हॅमवर परवानाधारक फक्त परवानाधारकाशी बोलतो. चार गाड्या असतील तर चारही गाड्यांत बोलणाऱ्याकडे परवाना हवा. एकाने परीक्षा दिली आणि बाकीच्यांना सेट वाटले, हे चालत नाही. तसंच हा परवाना धंद्यासाठी नाही. पैसे घेऊन सहली नेत असाल तर कंपनीच्या नावाने स्वतंत्र फ्रिक्वेन्सीचा परवाना घ्यावा लागतो, त्याचे अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतात.

आता अंतर. दहा-पंधरा किलोमीटरची अपेक्षा कुठून येते मला माहीत आहे. खोक्यावर लिहिलेलं असतं. ते डोंगरावरून दरीत बोलतानाचं अंतर असतं. व्हीएचएफ (१४५ च्या आसपासचा पट्टा) आणि यूएचएफ (४४६ च्या आसपासचा) या दोन्हींच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा त्यांना अडवतो. हिशेब सोपा आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं घ्या, त्यांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. दोन गाड्यांच्या छतावर अँटेना जमिनीपासून दोन मीटरवर असतील तर उत्तर साधारण साडेअकरा येतं. तेसुद्धा मधे झाड, घर, टेकडी काही नसेल तर. आता चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहा. खाली परतवाड्याच्या सपाटीपासून तुम्ही सुमारे सातशे मीटर वर आहात. हिशेब शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. तिथे छोटा हातातला सेटही थक्क करेल इतका लांब बोलतो आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर तोच सेट पाचशे मीटरवरच्या गाडीला ऐकू जात नाही. म्हणून वॅट वाढवून हा प्रश्न सुटत नाही. पाच वॅटचे वीस वॅट केले तर समोरच्या सेटच्या सिग्नल मीटरवर एक एकक वाढतं, इतकंच. काठावरचा, खरखरणारा आवाज स्वच्छ होईल, पण टेकडीआडचा माणूस टेकडीआडच राहील.

झाडीचाही विचार करा. मेळघाट आणि पेंचचं जंगल सागाचं. एप्रिल-मेमध्ये साग निष्पर्ण असतो, तेव्हा ४४६ वरही गाडीगाडीत बरं बोलणं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये परातीएवढी ओली पानं लागली की त्याच रस्त्यावर अंतर उघडउघड कमी होतं. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी पानं जास्त खातात, त्यामुळे दाट जंगलात १४५ हा ४४६ पेक्षा सरस आणि २७ त्याहून सरस. शहरात, इमारतींच्या फटींतून मात्र यूएचएफ चांगला निभावतो.

मग तुमच्या गटाने काय घ्यावं? तुमचं वर्णन वाचून माझं मत असं आहे. गाड्या एका ओळीत, दीड-दोनशे मीटरच्या अंतराने चालतात, फाट्यावर थांबायचं, खड्डा आहे, समोरून ट्रक येतो आहे, एवढंच सांगायचं आहे. यासाठी ४४६ चे मान्यताप्राप्त अर्ध्या वॅटचे हातातले सेट पुरतात. पत्र्याच्या केबिनमधून साधारण एक किलोमीटर धरा, खिडकीच्या काचेजवळ धरलात तर जास्त. प्रत्येक गाडीत एक सेट, अधिक एक जादा. खर्च कमी, परवान्याची कटकट नाही. यात अँटेना बदलायचा नाही, त्यामुळे गाडीत बसवणं म्हणजे सेटसाठी घट्ट खोबण आणि चार्जिंगची सोय. इतक्यावर भागत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. पण गाड्या दोन-तीन किलोमीटर पांगत असतील, किंवा तुम्हाला या विषयाचीच ओढ लागली असेल, तर गटातल्या चौघांनी हॅमची परीक्षा द्या आणि १४५ चे गाडीचे सेट बसवा. सिटिझन बँडचं मी सहसा पहिलं नाव घेत नाही. या बँडचे मान्यताप्राप्त सेट आपल्याकडे कमी दिसतात, अँटेना अवाढव्य लागतो आणि त्यातल्या एएम या जुन्या प्रसारण-पद्धतीवर गाडीतला विजेचा गोंगाट थेट कानात येतो. शिवाय सूर्यावरच्या डागांचा जोर असला की दिवसा हजारो किलोमीटरवरचे आवाज तुमच्या वाहिनीवर गर्दी करतात.

अँटेनाच्या आकाराचं गणित फ्रिक्वेन्सी ठरवते. पाव तरंगलांबीचा अँटेना १४५ वर साधारण अर्धा मीटर, ४४६ वर सतरा सेंटिमीटरच्या आसपास आणि २७ वर पावणेतीन मीटर. पावणेतीन मीटरची काठी छतावर उभी केली तर जमिनीपासून साडेचार मीटर उंची होते. आपल्या खेड्यांतल्या रस्त्यांवर विजेच्या तारा कुठे किती झोळलेल्या असतात ते तुम्ही पाहिलंच असेल. म्हणून २७ साठी गुंडाळीचे आखूड अँटेना लावतात आणि त्यात कार्यक्षमता गमवावी लागते. १४५ चा अर्ध्या मीटरचा सरळ, साधा अँटेना मला गाडीसाठी सगळ्यात आवडतो. घाटात, चढउतारावर तो जास्त गेनच्या लांब अँटेनापेक्षा चांगला वागतो, कारण लांब अँटेना शक्ती क्षितिजाच्या पट्ट्यात दाबतो आणि गाडी कलली की तो पट्टाही कलतो. सपाट वर्धा रोडवर लांब अँटेना जिंकेल, सिल्लेवानीच्या घाटात आखूड.

या अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतो. वरची काठी हा अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे तुमच्या गाडीचं छत. त्यामुळे सर्वोत्तम जागा छताचा मध्य. सगळीकडे सारखा पत्रा, सगळ्या दिशांना सारखं बोलणं. अँटेना एका कोपऱ्यात बसवला तर जास्त पत्रा ज्या बाजूला पसरला आहे त्या दिशेला गाडी जास्त लांब बोलते. मागच्या डाव्या कोपऱ्यात लावलेला अँटेना पुढे उजवीकडे जोरात आणि मागे डावीकडे कमजोर. ओळीतल्या पहिल्या गाडीला मागे बोलायचं असतं, शेवटच्या गाडीला पुढे. कोपराच वापरायचा असेल तर हे लक्षात ठेवून निवडा.

छत पत्र्याचं आहे का, हे चुंबक लावून तपासा. कापडी टपाच्या गाड्यांत आणि फायबरच्या टपाच्या गाड्यांत वर अँटेना लावून उपयोग नाही. तिथे बॉनेटच्या कडेला क्लॅम्प लावावा लागतो. थार रॉक्ससारख्या गाडीत छत पत्र्याचं, पण वरच्या मॉडेलांत मोठा सनरूफ आहे. काचेवर चुंबक चिकटत नाही आणि काच पत्र्याचं कामही करत नाही, म्हणून काच संपते तिथून मागच्या भागात जागा शोधा. जिम्नीला छताच्या कडेने पन्हाळ आहे, जुन्या जीपसारखी. गटर क्लॅम्प तिथे छान बसतो. क्लॅम्पच्या स्क्रूखालचा रंग मात्र टोकाएवढा खरवडावा लागतो, नाहीतर पत्र्याशी संपर्कच होत नाही आणि लोक सेटला दोष देत बसतात. खरवडलेल्या जागी लगेच ग्रीस लावा.

बुलबारवर अँटेना लावायचा विचार करू नका. परदेशी फोटोंत तो तिथेच दिसतो, पण आपल्याकडे क्रॅश गार्ड आणि बुलबार बसवायला डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने मनाई केली आहे आणि समोरची अशी लोखंडी चौकट एअरबॅगच्या सेन्सरलाही गोंधळात टाकते. छताच्या कॅरिअरवर बसवणार असाल तर कॅरिअर गाडीच्या पत्र्याला विजेच्या दृष्टीने जोडलेला आहे का ते मल्टिमीटरने बघा. बहुतेक कॅरिअर रबरावर आणि रंगावर बसलेले असतात. रुंद, विणलेली तांब्याची पट्टी टाकून ते बॉडीला जोडावे लागतात.

छताला भोक पाडून कायमचा माउंट बसवणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगलं. पण नव्या गाडीला, वॉरंटीत असताना, मी कुणाला भोक पाडायला सांगत नाही. चुंबकाचा माउंट पहिली दोन-तीन वर्षं ठीक आहे. चुंबक लावण्याआधी छत आणि चुंबकाचा तळ दोन्ही ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडची धूळ मधे राहिली तर कंपनाने रंगावर गोल ओरखडे उमटतात. प्रवास संपला की काढून ठेवा. मेच्या उन्हात महिनोन्महिने एकाच जागी राहिलेल्या चुंबकाखाली रंगाचा डाग कायमचा राहतो. आणि ओळीत सगळ्यात वेगाने जाणाऱ्या गाडीचा चुंबक फांदीला लागून उडाला तर मागच्या गाडीच्या काचेवर जातो, त्यामुळे दाट झाडीत अँटेना काढणं किंवा स्प्रिंगचा अँटेना वापरणं बरं.

केबल आत कशी आणायची? पुढच्या दाराच्या रबरातून नको, रोज उघडझाप होऊन ती चेपते. मागच्या दाराच्या खालच्या बाजूने, रबर मऊ आहे तिथून आणा, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, केबलवरून आत येणार नाही. बाहेरच्या प्रत्येक जोडावर आधी स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबराची टेप, तिच्यावर साधी काळी टेप. केबल कुठेही चिरडली, बोटाच्या पेरापेक्षा जवळ वळवली, की ती गेली समजा. साध्या आरजी-५८ केबलमध्ये १४५ वर पाच मीटरला एक डेसिबलच्या (शक्तीतली घट मोजण्याचं एकक) आसपास नुकसान होतं, ४४० वर दीडच्या पुढे. गाडीत एवढं चालतं, पण केबल उगाच लांब घेऊ नका. कोअ‍ॅक्स (म्हणजे हीच अँटेनाची केबल) खांबांच्या आतून नेताना खास जपा. आजच्या गाड्यांत पुढच्या खांबापासून छताच्या कडेने पडदा एअरबॅग असते. तिच्या समोरून केबल गेली तर फुगताना ती केबल चाबकासारखी आत येईल. खांबाचं कव्हर उघडलं की एअरबॅगची पिशवी दिसते, केबल नेहमी तिच्या मागून. हे स्वतः करायला धजत नसाल तर खालून, पायरीपट्टीखालून न्या.

आता वीज. सिगारेट सॉकेटमधून गाडीचा सेट चालवू नका. संपर्क सैल असतो, फ्यूज साधारण दहा-पंधरा अँपिअरचा, आणि त्याच वायरवर मोबाइलचा चार्जर, डॅशकॅम बसलेले असतात. सेट थेट बॅटरीवर. पन्नास वॅटचा व्हीएचएफ सेट बोलताना दहा ते बारा अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत तीन मीटर धरा, जाऊन येऊन सहा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत दहा अँपिअरला जवळपास एक व्होल्ट रस्त्यातच जातो, अडीचमध्ये ०.४, चारमध्ये पाव. म्हणून पंचवीस वॅटसाठी अडीच, पन्नास वॅटसाठी चार चौरस मिलिमीटर, आणि वायर खरी तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर बाजारात सर्रास विकली जाते. टोक तासून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत. हा फ्यूज सेटसाठी नसतो, वायरीसाठी असतो. अपघातात किंवा घासून वायर पत्र्याला टेकली तर फ्यूजपर्यंतचा तुकडा सोडून बाकी सगळी मरायला हवी. फ्यूज डॅशबोर्डखाली लावला तर बॉनेटमधली अख्खी वायर उघडी राहते आणि गाडी तिथूनच पेटते. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर काढताना कंपनीने दिलेला रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेची रबरी कडी) वापरा. नवं भोक केलंत तर त्यात ग्रोमेट हवाच. वायरीच्या टोकाला धातूचं थिंबल दाबून (क्रिंप करून) बसवा आणि वर उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह. नुसतं पिळून टेप मारलेला जोड मेच्या उकाड्यात टेपचा गोंद वितळून उघडा पडतो.

निगेटिव्हचा एक मुद्दा नव्या गाड्यांत फार महत्त्वाचा आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी डबी दिसली तर तो बॅटरी सेन्सर आहे. बॅटरीतून किती करंट येतो-जातो हे मोजून तो चार्जिंग ठरवतो. सेटची काळी वायर थेट टर्मिनलवर लावलीत तर सेटचा करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. बॅटरीची काळी केबल बॉडीला जिथे बोल्टने कसली आहे, त्या बोल्टवर आपली वायर घ्या. कंपनीच्या हार्नेसमधली कुठलीही वायर सोलू नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

सेटची जागा ठरवताना मी चार गोष्टी बघतो: एअरबॅगचा मार्ग, चालकाचे गुडघे, हवा आणि ऊन. डॅशबोर्डच्या वर, सहचालकासमोर काहीही बसवू नका, एअरबॅग तिथूनच येते. चालकाच्या गुडघ्यासमोर धातूचा कोपरा नको. सेटचं तोंड वेगळं करता येत असेल तर तसाच सेट घ्या. जड भाग सीटखाली किंवा मागे, आणि फक्त हलकं पॅनल डॅशबोर्डवर. सीटखाली ठेवताना सीट सरकवण्याच्या रुळांत केबल येत नाही ना ते सीट पूर्ण पुढे-मागे करून बघा. आणि चिकटपट्टीवर विसंबू नका. किलोभर वजनाचा सेट खड्ड्यात किंवा अपघातात सुटला तर डोक्यावर येतो. बोल्ट, नायलॉकचा (कंपनाने न सुटणारा) नट, खाली कंपनीच्याच एखाद्या ब्रॅकेटचा आधार.

नागपूरच्या उन्हाळ्यात हवेचं तापमान ४५ च्या पार जातं. बंद, उन्हात उभी गाडी आतून साठच्या पुढे जाते, डॅशबोर्डचा माथा त्याहून तापतो. बहुतेक सेट साठ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. त्यामुळे उन्हातून आल्यावर आधी एसी किंवा खिडक्या, पाच मिनिटांनी सेट. सेटच्या मागची उष्णता सोडणारी पन्हाळीदार बाजू मोकळी हवी. एफएमवर (गाडीचे हे सेट याच पद्धतीने बोलतात) बोलताना सेट पूर्ण वेळ पूर्ण शक्तीने चालतो, म्हणून उन्हाळ्यात कमी शक्तीवर बोला. ओळीतल्या गाड्यांना पाच वॅट भरपूर होतात. हातातल्या सेटच्या लिथिअम बॅटऱ्या तर बंद गाडीत अजिबात सोडू नका, त्या फुगतात.

सगळं जोडलं की लगेच बोलायला सुरुवात करायची नाही. आधी एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा मीटर. दीडच्या आत आला तर उत्तम, दोनपर्यंत चालेल, तीन आला तर पाठवलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा परत सेटकडे येतो आणि सेटचा शेवटचा टप्पा जळू शकतो. मीटर मोकळ्या मैदानात, गाडीची दारं बंद करून, माणसं दूर करून वाचा. गॅरेजच्या पत्र्याखाली वाचलेला आकडा खोटा असतो. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आकडा कमी आणि वरच्या टोकाला जास्त येत असेल तर अँटेना लांब आहे, मिलिमीटर-मिलिमीटरने कापा. उलट असेल तर काठी वर ओढा.

मग गोंगाट शोधा. इंजिन बंद, सेट चालू, एकेक उपकरण सुरू करत जा. स्वस्त यूएसबी चार्जर आणि एलईडी लाइटबार हे सगळ्यात मोठे गुन्हेगार. चार्जर बदलला की अर्ध्या गाड्या शांत होतात. इंजिन सुरू केल्यावर शिट्टीसारखा आवाज येऊन तो ॲक्सिलरेटरबरोबर चढत असेल तर तो अल्टरनेटरचा, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ सैल बॉडी अर्थमध्ये सापडतं. उपकरणाच्या वायरीवर फेराइटची कडी लावून बाकीचं कमी करता येतं. पेट्रोल गाडीत ठिणगीची टकटकही मिळते. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसले तरी इंजेक्टर आणि त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स आवाज करतंच.

शेवटी दोन गाड्यांची रस्त्यावरची चाचणी. एक गाडी उभी ठेवा, दुसरी आउटर रिंग रोडवरून दूर जाऊ द्या, दर किलोमीटरला एक ठरलेलं वाक्य बोला. मग उभ्या गाडीचं तोंड चार दिशांना फिरवून तेच पुन्हा. यावरून तुमच्या अँटेनाची बलवान आणि दुबळी बाजू कागदावर येते. ४४६ च्या सेटवर "ऐकू येत नाही" अशी तक्रार असली तर आधी दोघांचे सब-कोड (ठरावीक कोडचाच आवाज ऐकवणारी सोय) बंद करा. एकाचा कोड सात आणि दुसऱ्याचा बारा असला तर शेजारी उभे राहूनही ऐकू येणार नाही. या कोडने बोलणं गुप्तही होत नाही, फक्त तुमचा स्पीकर इतरांसाठी बंद राहतो.

वापरताना बोलणारा माणूस चालक नसावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातलं संपर्काचं साधन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं आणि वॉकी-टॉकी हेही हातातलंच साधन आहे. सहचालकाने बटण दाबून एक क्षण थांबावं, मग बोलावं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "डावीकडे वळू नका" मधलं "डावीकडे" गेलं आणि "वळू नका" राहिलं तर मागचा सरळ पुढे निघून जातो. ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीत सगळ्यात चांगले सेट द्या, मधल्यांना जे आहे ते.

अभयारण्याच्या गेटवर सेट बंद करून पिशवीत ठेवा. वाघ दिसल्याचे निरोप गाडीगाडीत फिरले की काय गर्दी होते ते आपण विदर्भात पाहिलं आहे, आणि त्या गर्दीत वाट अडते ती जनावराची. गडचिरोलीच्या बाजूला जाणार असाल तर निघण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्याला गाडीत कुठले सेट आहेत ते सांगा. तिथे वायरलेस दिसला की चौकशी होणारच आणि ती व्हायलाही हवी. गाडीच्या कागदपत्रांत सेटचं बिल, ईटीएचा क्रमांक आणि हॅमचा परवाना असेल तर त्याची प्रत, तिन्ही एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, आणि गटातल्या प्रत्येक गाडीत तसं पाकीट असू द्या.